खाणीच्या जुन्या रोपवेवर माणसं बसवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात तुमच्या गावामागच्या डोंगरावरून नदीकाठच्या जेटीपर्यंत खनिज उतरवणारा एक जुना रोपवे आहे. खाण बंद आहे आणि रोपवे तर तिच्याही कितीतरी आधी बंद पडला. मनोरे उभे आहेत, दोर अजून वर ताणलेला आहे, दोन-तीन बादल्या मध्येच लटकताहेत. अमेरिकेत एका बंद पडलेल्या स्कीच्या डोंगरावर गावकऱ्यांनी जुनी चेअरलिफ्ट (दोराला खुर्च्या टांगलेला रोपवे) दुरुस्त करून पुन्हा सुरू केल्याचं तुम्ही पाहिलंत आणि वाटलं, आपल्याकडे हे का होऊ नये? माथ्यावर देऊळ आहे, वरून मांडवी दिसते, लोक येतील, गावातल्या मुलांना काम मिळेल. मनोरे भक्कम दिसतात, तेव्हा नवा दोर आणि नवी मोटर घालून बादल्यांच्या जागी खुर्च्या टांगल्या तर चालेल का, आणि खर्च किती येईल?

त्या मनोऱ्यांवर माणसं न्यायची असतील तर माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण जुना रोपवे वाचवणं, त्यातला थोडा भाग पुन्हा फिरता करणं आणि माणसांना माथ्यावर नेणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि वेगवेगळी केली तर तिन्ही होऊ शकतात. तुम्ही ती एकाच दोराला बांधली आहेत, म्हणून अवघड झालंय. खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही. यातलं नेमकं काय करायचं हे ठरण्याआधी जो कोणी आकडा सांगेल त्याच्यापासून जपून राहा.

मी फोंड्याचा. नोकरीची सुरुवात खाणीच्या रोपवेवर जुन्या फिटरांच्या हाताखाली झाली. पुढची बरीच वर्षं हिमालयात माणसं नेणारे रोपवे आणि चेअरलिफ्ट यांच्या देखभालीत गेली. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत, आणि जुनं यंत्र भंगारात जाताना पाहिलं की जीव तुटतो तो माझाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची कल्पना वेडी नाही हे आधी सांगायला हवं. चेअरलिफ्टचं मूळच मालवाहतुकीत आहे. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली आयडाहोमधल्या सन व्हॅलीला सुरू झाली. ती आखणारा जेम्स करन हा युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता. त्याला जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या दोरयंत्रांची माहिती होती. घड टांगायच्या आकड्याच्या जागी त्याने खुर्ची टांगली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावची रिब्लेट कंपनी आधी खाणींचे रोपवे बांधत असे, मग तिनेच स्कीच्या डोंगरांवर शेकडो चेअरलिफ्ट उभ्या केल्या. आणि तुमच्या कल्पनेच्या अगदी जवळचं उदाहरण स्वीडनमध्ये आहे. तिथे क्रिस्तिनेबेरी ते बोलिडेन असा ९६ किलोमीटर लांबीचा खनिजाचा रोपवे होता. तो १९४३ पासून १९८७ पर्यंत चालला, आणि त्यातल्या सुमारे १३ किलोमीटरच्या तुकड्यावर १९८९ पासून बादल्यांऐवजी डबे लावून माणसं नेली जाऊ लागली.

म्हणजे हे घडलेलं आहे. पण त्या दोन वर्षांकडे नीट बघा. १९८७ ला बंद, १९८९ ला पुन्हा सुरू. यंत्राला रोज तेल देणारे हात अजून तिथेच होते, दोर कधी बदलला त्याची नोंद होती, कुठला मनोरा कुरकुरतो हे माहीत असलेली माणसं कामावर होती. तुमच्या रोपवेवर शेवटची बादली गेली त्या वेळचा शिकाऊ मुलगासुद्धा आज निवृत्त असेल. मधल्या सगळ्या पावसाळ्यांत त्याला ग्रीसचा हात लागलेला नाही. रोपवे चालू असताना जितका खराब होतो त्याहून जास्त तो नुसता उभा राहून होतो.

आता त्या अमेरिकेतल्या स्की-डोंगरांकडे येऊ, कारण तिथलं काम बघूनच तुमची आशा वाढली आहे. तिथे स्वयंसेवक जुन्या लिफ्ट चालू करतात हे खरं, पण ते कुठून सुरुवात करतात ते पाहण्यासारखं आहे. बहुतेकदा आधी जमिनीवरून ओढणारी लिफ्ट हाती घेतली जाते. म्हणजे दोर धरायचा किंवा उलट्या टीच्या आकाराच्या दांडीला टेकायचं आणि पायातल्या स्कीवरून घसरत वर जायचं. व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला १९३४ साली अमेरिकेतली अशी पहिली दोर-लिफ्ट झाली, ती फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर चालायची. दोर थांबला तर माणूस बर्फावरच उभा असतो. हवेत टांगलेल्या माणसाचा प्रश्न तिथे येतच नाही. त्यानंतर चेअरलिफ्टची पाळी, आणि ती चेअरलिफ्ट पहिल्या दिवसापासून माणसांसाठीच आखलेली असते. तिची नियमपुस्तिका असते, राज्याच्या तपासणीचे जुने कागद असतात, आणि रिब्लेटसारखी कंपनी २००३ मध्ये बंद झाली तरी त्याच बनावटीची दुसरीकडे मोडीत निघालेली लिफ्ट विकत घेऊन सुटे भाग काढता येतात. तुमच्या रोपवेला असं भावंड नाही. शिवाय त्या डोंगरांवर वर्षातले बरेच महिने कोरडी थंडी असते, आणि कोरड्या थंडीत पोलाद टिकतं. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यावर खारी हवा.

पण गंज हा दुय्यम मुद्दा आहे. मुख्य मुद्दा भार कुठल्या दिशेने जातो हा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही म्हणून त्यावर थोडा थांबतो.

तुमचा रोपवे भरलेल्या बादल्या खाली आणायचा आणि रिकाम्या वर न्यायचा. उतार पुरेसा असेल तर अशा रोपवेला मोटर ओढतच नाही. खनिजाच्या वजनाने तो आपोआप फिरतो आणि मोटरचं काम वेग रोखून धरणं एवढंच उरतं. ब्रेक, गिअरबॉक्स, मोठं चाक, त्याचा पाया, दोर ताणून धरणारं वजन, प्रत्येक मनोऱ्यावरचा दाब हे सगळं त्या हिशेबाने काढलेलं असतं. तुम्ही माणसं वर न्यायला लागलात की हिशेब उलटा होतो. आता भरलेली बाजू वर चढणारी, आणि यंत्रात काही निखळलं तर ती बाजू मागे सरकणार. विहिरीच्या रहाटावरचा हात सुटला की भरलेली घागर जशी खाली सुटते, तसंच. फक्त इथे घागरींच्या जागी माणसांनी भरलेल्या खुर्च्यांची रांग असते. जॉर्जिया या देशातल्या (अमेरिकेतलं राज्य नव्हे) गुदौरीला मार्च २०१८ मध्ये चेअरलिफ्ट अशीच उलटी धावली आणि खालच्या वळणावर माणसं खुर्च्यांतून फेकली गेली. म्हणून चढणाऱ्या लिफ्टला नेहमीचा ब्रेक, थेट मोठ्या चाकावर बसणारा आणीबाणीचा ब्रेक आणि चाक उलटं फिरूच न देणारी अडसर-यंत्रणा, असे एकमेकांवर अवलंबून नसलेले थर लागतात. जुन्या खनिजाच्या रोपवेत ते त्या रूपात असण्याचं कारणच नव्हतं.

यात आणखी एक गंमतीची वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट आहे. स्कीवाला लिफ्टने वर जातो आणि स्कीवरून खाली येतो, त्यामुळे तिथली उतरणारी बाजू जवळजवळ रिकामी असते. देवळाला गेलेला माणूस परतही लिफ्टनेच येणार. दोन्ही बाजू भरलेल्या असणार. स्कीवाला उतरताना खुर्चीवरून घसरत बाजूला होतो. नऊवारी नेसलेल्या आजींना आणि कडेवर मूल असलेल्या बाईला चालत उतरायचं असतं, त्यामुळे वेग बराच कमी ठेवावा लागतो. वेग कमी केला की तासाला जाणाऱ्या माणसांची संख्या घटते, आणि तुम्ही डोक्यात धरलेलं उत्पन्नाचं गणित तिथेच बदलतं.

तुम्ही टाकलेल्या फोटोंत प्रत्येक बाजूला एक जाड दोर आणि त्याखाली एक बारीक दोर दिसतो. म्हणजे हा दोन दोरांचा रोपवे आहे. जाड दोर हलत नाही, तो रुळाचं काम करतो. बादलीची चाकं त्यावरून धावतात आणि खालचा बारीक दोर बादलीला ओढतो. चेअरलिफ्टमध्ये एकच दोर असतो आणि तोच खुर्ची उचलतो आणि ओढतो. त्यामुळे 'बादलीच्या जागी खुर्ची' हा बदल फक्त टांगण्याचा राहत नाही. मनोऱ्याच्या डोक्यावरची सगळी मांडणी, चाकांच्या रांगा, दोर निसटला तर त्याला धरणारे आकडे, दोर निसटल्याबरोबर लिफ्ट थांबवणारी विजेची यंत्रणा हे सगळं नवं लागतं. हे सगळं नवं करायचं ठरलं तर जुनं काय उरलं? मनोऱ्याचे पाय. आणि ते पाय दुसऱ्या भारासाठी, दुसऱ्या अंतरांवर उभे केलेले. म्हणूनच ठिकठिकाणी जुन्या रोपवेवर माणसं बसवण्याची गोष्ट निघाली की मी विचारतो, नक्की काय वाचवताय?

आता दोराकडे येतो, कारण यात आज धोका आहे. तुम्ही रोपवे कधी सुरू कराल न कराल, हे मात्र आजच वाचून गावात सांगा.

तो ताणलेला दोर कोणी कापू नये. भंगारवाल्यांना आत येऊ देऊ नये, पोरांनी लटकलेल्या बादलीवर दगड मारू नयेत, आणि लागवडीसाठी कोणी त्या मार्गाखाली झाडं तोडत असेल तर त्याला सावध करावं. जाड दोराच्या एका टोकाला काँक्रीटचं किंवा लोखंडाचं काही टनांचं वजन खड्ड्यात नाहीतर चौकटीत लोंबकळत असतं. ते वजन आजही दोर ताणून धरतंय. दोर कुठेही तुटला की वजन खाली कोसळतं, तुटलेली टोकं चाबकासारखी उलटतात आणि कुठवर जातील याचा अंदाज माझ्यासारख्यालाही येत नाही. शिवाय दोन मनोऱ्यांमधला ताण अचानक गेला की शेजारचा मनोरा एकाच बाजूने ओढला जातो आणि गंजलेला असेल तर आडवा होतो. असा दोर उतरवण्याचं काम ताण मोजून, वजनाखाली आधार लावून, विंचने सावकाश सैल सोडत करावं लागतं. हे काम रोपवे उभारणाऱ्या अनुभवी टोळीचंच आहे. गॅसकटर घेऊन येणाऱ्याचं ते काम अजिबात नाही.

दोर तपासता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. येतो. चुंबकीय तपासणीचं यंत्र दोराभोवती बसवून दोरावरून सरकवतात, आत तुटलेल्या तारा असतील तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर गळतं आणि आलेखावर टोक उमटतं. चालत्या रोपवेवर ही तपासणी नियमित करतात आणि ती फार उपयोगाची आहे. पण तुमच्या दोरासाठी त्यावर पैसे घालू नका. ओढणाऱ्या दोराच्या पोटात बहुधा सिसल किंवा तागाचा गाभा असतो. तो पाणी पितो, कुजतो आणि दोर आतून बसतो, व्यास कमी झालेला दिसतो. जाड दोर बंद गुंफणीचा असतो, वरच्या तारा एकमेकींत अडकलेल्या, त्यामुळे बाहेरून गुळगुळीत दिसतो आणि आतला गंज झाकला जातो. आणि सगळी वर्षं तो मनोऱ्यावरच्या खोबणीत एकाच जागी टेकून बसलाय. पाणी साठतं ते तिथेच, वाऱ्याने वाकतो तोही तिथेच. अमेरिकेच्या मानकात माणसं नेणाऱ्या दोराची तुटण्याची ताकद त्यावर येणाऱ्या ताणाच्या पाचपट तरी असावी अशी अपेक्षा असते. तुमच्या दोराबाबत तो आकडा काढत बसण्यात अर्थ नाही. तो दोर निवृत्त झाला असं समजा आणि त्याचा एक हातभर तुकडा पुढे संग्रहासाठी ठेवा.

मनोऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो, कारण त्यात वाचवण्यासारखं खरंच काही असू शकतं. 'भक्कम दिसतात' हे मात्र विसरा. मनोरा वरून कुजत नाही, घोट्यात कुजतो. जिथे लोखंडी पाय काँक्रीटमध्ये शिरतो, तिथे पावसाळ्यात माती, पाला आणि वारूळ साचतं आणि ओल चार महिने हटत नाही. आधी ती माती हाताने बाजूला करा, कुदळीचा घाव घालू नका. मग हातोडीने हलकेच वाजवून बघा. चांगलं पोलाद खणखणतं, खाल्लेलं पोलाद बद्द वाजतं. दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटने जोडल्या आहेत तिथे गंजाचे थर पट्ट्यांना फाकवताहेत का पाहा, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि रिव्हेटचं डोकंसुद्धा उडवू शकतो. खरी मोजणी पोलादाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजणाऱ्या छोट्या यंत्राने होते. प्रत्येक पायाची प्रत्येक बाजूने जाडी घ्यायची आणि न गंजलेल्या वरच्या भागाशी ताडून बघायची. हे काम गोव्यातली बांधकामतपासणी करणारी कोणतीही चांगली प्रयोगशाळा करू शकते.

मनोऱ्याखालची जमीन हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि खाणीच्या डोंगरावर तर जास्तच. रोपवे बांधला तेव्हा खड्डा जिथे होता तिथेच राहिला असं नाही. पुढे खाण रुंद झाली, तिच्या कडा मनोऱ्याजवळ आल्या, टाकाऊ मातीचे ढीग पडले, त्या ढिगांवर बाभळी लावल्या गेल्या. जांभा दगड घट्ट वाटतो, पण त्याखाली मऊ शेडी माती लागली आणि कडेने पाणी मुरू लागलं की उतार सरकतो. सर्वेक्षकाकडून सगळे मनोरे एका ओळीत आहेत का, कुठला कलला आहे का, एवढं मोजून घ्या आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. जमिनीने साथ सोडली की यंत्र कितीही चांगलं असो, उपयोग नाही. जोशीमठहून औलीच्या स्कीच्या उतारांवर जाणारा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद करावा लागला तो जमिनीला भेगा पडल्यामुळे.

झाडांचंही तसंच. गुलमर्गच्या गोंडोलावर जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड कोसळलं, डबा खाली आला आणि सात जण गेले. तुमच्या मार्गाखाली मधल्या वर्षांत काय काय उगवलंय बघा: काजू, बाभूळ, कदाचित विजेची नवी लाइन, कुणाचं घर, पंचायतीचा डांबरी रस्ता. जुन्या रोपवेला रस्त्यावरून जाताना खाली लोखंडी जाळी असे, बादलीतून पडलेलं खनिज अडवायला. ती जाळी अजून असेल तर ती आज स्वतःच कुणाच्या डोक्यावर पडायला टेकली असेल. सगळ्यात आधी उतरवायची वस्तू हीच.

आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर दोर बाद, ब्रेक आणि मोटर माणसांच्या कामाचे नाहीत, मनोऱ्यांचा निकाल मोजणीवर, जमिनीचा निकाल दोन मोसमांच्या मोजणीवर.

माणसं बसवण्याला माझा विरोध का इतका ठाम आहे ते सांगतो. रोपवेचा अपघात बहुधा दोर तुटण्याने सुरू होत नाही, एखादा थर गुपचूप काढून टाकल्याने सुरू होतो. इटलीत मोत्तारोनेला मे २०२१ मध्ये ओढणारा दोर तुटला तेव्हा डब्याचा आणीबाणीचा ब्रेक लागायला हवा होता. तो वारंवार लागून काम अडवत होता म्हणून खिटी घालून निकामी केलेला होता. चौदा माणसं गेली. आपल्याकडे पावागडला सप्टेंबर २०२५ मध्ये बांधकामाचं साहित्य नेणाऱ्या मालवाहू रोपवेवर माणसं होती, दोर तुटला आणि सहा जण गेले. मालवाहू रोपवे असला की कोणी ना कोणी बसतोच, हे मी खाणीतही पाहिलं आहे. जेवणाचा डबा वर पोचवायला, नाहीतर चढण चुकवायला. म्हणून तुमच्या गावात जो काही छोटा मोठा रोपवे फिरेल, त्याच्या बादलीत माणूस मावणारच नाही अशी ती बनवा. सूचनाफलकावर भरवसा ठेवू नका.

आणि समजा सगळं नवं, उत्तम केलं, तरी एक प्रश्न राहतो. वीज गेली, इंजिनही सुरू होईना, वर तीस खुर्च्यांत साठ माणसं आहेत, जूनचा पहिला वळीव आलाय आणि अंधार पडतोय. त्यांना खाली कोण, कसं आणि किती वेळात आणणार? देवघरच्या त्रिकुट डोंगरावर एप्रिल २०२२ मध्ये रामनवमीला रोपवे अडकला तेव्हा वायुसेनेची हेलिकॉप्टरं आणावी लागली आणि सुटका तिसऱ्या दिवशी पूर्ण झाली. स्की-डोंगरावरची चेअरलिफ्ट शक्यतो जमिनीजवळून जाते आणि खाली साफ केलेला बर्फाचा पट्टा असतो, गस्तीचं पथक दोर टाकून एकेकाला उतरवतं आणि दर हंगामाच्या सुरुवातीला त्याचा सराव करतं. तुमचा रोपवे दरी ओलांडून सरळ जातो. खनिजाला उंचीची भीती नव्हती, म्हणून तो तसा आखला. माणसांसाठी मी तोच मार्ग कधीच निवडला नसता.

मग काय करावं? अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गावाचं उदाहरण मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतं. यूटा राज्यातलं पार्क सिटी हे चांदीच्या खाणींचं गाव. तिथे सिल्व्हर किंग खाणीचा १९०१ सालचा रोपवे होता. खाणी संपल्यावर गाव स्कीवर जगू लागलं. जुन्या रोपवेचे मनोरे त्यांनी डोंगरावर तसेच ठेवले आणि त्यांच्या शेजारून माणसांची नवी चेअरलिफ्ट गेली. खुर्चीत बसलेल्याला शेजारी जुना मनोरा दिसतो, त्याच्यावर कोणी बसत नाही. तुम्ही यातून घ्यायचं ते हे: जुनं जुन्याच्या भारावर राहू द्या, नव्याचा भार नव्यावर टाका.

माझ्या हातात तुमचं काम असतं तर मी पहिलं वर्ष पूर्ण खालच्या स्टेशनवर घातलं असतं. दोर सुरक्षित उतरवायचा, वजनं जमिनीवर टेकवायची, छप्पर नीट करायचं. मग मोठं चाक, गिअरबॉक्स, बादली पकडणारी पकड हे सगळं उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा फिरतं करायचं. स्टेशनच्या आत आणि पहिल्या मनोऱ्यापर्यंत एक लहान फेरा नव्या दोरावर, हळू वेगात, रिकाम्या बादल्यांसह फिरवता येतो. शाळेची मुलं बाजूला कठड्यामागे उभी राहून बघू शकतात की खनिज डोंगरावरून नदीपर्यंत कसं जात होतं. यात लोंबकळणारं माणूस नाही, फार उंची नाही, आणि तरीही यंत्र जिवंत होतं. पुढे जे मनोरे मोजणीत टिकतील ते खरवडून, रंगवून, घोट्याशी पाणी साचणार नाही अशी काँक्रीटची उतरती बांधून ठेवायचे. जे टिकणार नाहीत ते उतरवायचे, हळहळ वाटली तरी. मार्गाच्या खालून देवळापर्यंत पायवाट काढली तर लोक मनोरे बघत बघत चढतील. आणि माणसांची लिफ्ट हवीच असेल तर ती वेगळ्या, बुटक्या मार्गावर, माणसांचेच रोपवे बांधणाऱ्या कंपनीकडून, आणि लोक येतात की नाही हे पायवाटेवर दोन-तीन हंगाम पाहून मगच.

तुमच्यापैकी कुणाची कुळागरं त्या उतारावर असतील तर सुपारी आणि नारळ उतरवायला छोटा मालवाहू रोपवे हा स्वतंत्र विचार करण्यासारखा आहे. तोही नवाच, हलका, आणि मी वर म्हटलं तशा लहान बादलीचा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. डोंगर खाणपट्ट्यात आहे, कोमुनिदादचा (गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेचा) आहे, वनखात्याच्या नोंदीत आहे की खासगी, हे सातबाराला समतुल्य असलेल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरून आणि वनखात्याकडून आधी लेखी घ्या. गोव्यातले ८८ खाणपट्टे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केले, त्यामुळे जुन्या पट्ट्यातल्या यंत्रावर आज हक्क कुणाचा हे प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं. ज्याची मालकी नाही त्या मनोऱ्याला रंगाचा हातही लावू नका. जमीन वनात मोडत असेल तर वनसंवर्धन कायद्याखालची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. ग्रामसभेचा ठराव लवकर करून ठेवा, त्याने पुढची दारं उघडायला मदत होते.

आणि एक काम थांबण्यासारखं नाही. त्या रोपवेवर काम केलेले फिटर, ऑइलमन, बादल्या सोडणारे, दोर सांधणारे आसपासच्या वाड्यांवर अजून असतील. दोराचे पदर सोडवून, दोन्ही टोकं एकमेकांत गुंफून असा सांधा करायचा की हात फिरवला तरी जाडी बदललेली कळू नये, ही विद्या मी अशाच एका म्हाताऱ्या फिटरकडून शिकलो. पुस्तकात आकृत्या सापडतील, पण तो पदर कुठे किती दाबायचा ते सापडणार नाही. त्यांना स्टेशनवर घेऊन या, बसायला खुर्ची द्या, प्रत्येक भागाला ते काय म्हणायचे ते त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. कुठला मनोरा त्रास द्यायचा, कुठे दोर निसटायचा, शेवटचा दोर कोणत्या साली चढवला, हे ते सांगतील. कंपनीच्या गोदामातले नकाशे मिळाले नाहीत तर तुमच्याकडे एवढीच नोंद असणार आहे.

पावसाआधी तीन गोष्टी करा. वजनाच्या खड्ड्याभोवती आणि लटकलेल्या बादल्यांखाली कुंपण घाला, रस्त्यावरच्या जाळीबद्दल पंचायतीला लेखी कळवा, आणि प्रत्येक मनोऱ्याच्या चारही पायांचे घोट्यापासचे फोटो क्रमांक लावून काढा. फोटो इथेच टाका. त्यावरून कुठला मनोरा मोजणीला घ्यायचा आणि कुठल्याजवळ जायचंच नाही, एवढं मी सांगू शकेन. खड्ड्याचा फोटो मात्र कुंपणाबाहेरूनच काढा.